काळ्या चौकोनासमोर, बांगड्या बांधून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सुखदा सोसायटीचे चेअरमन माननीय नंदकिशोर सामंत, व्यासपीठावर बसलेले आपणा सर्वांचे ज्येष्ठ सीतारामकाका, जिना चढून दमल्या असूनही हसतमुखाने बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती उत्तराबाई सबनीस, महिला मंडळाच्या माझ्या मैत्रिणी, आणि वड्यांच्या वासाकडे नाक लावून मागे उभे असलेले बंधुजन, सर्वांना जानकी काशीराम परब हिचा नमस्कार.

माझं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. मंडळाचा जमाखर्च सांभाळते म्हणून लोक मला हुशार समजतात. पण माईक समोर आला की मी आरतीचं दुसरं कडवंसुद्धा विसरते. म्हणून हे लिहून आणलंय. वाचताना अडखळले तर समजून घ्या. आज माझी भीती फक्त माईकची नाही. दुसरी कसली, ते ओघात येईलच.

उत्तराबाई पुढच्या आठवड्यात मुलुंड सोडून मिरजेला धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जातायत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या मंडळात गुरुवारी दुपारी चित्रं दाखवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, फुलं, मोर, फार तर डोंगरामागून उगवणारा सूर्य. बाईंनी पहिल्याच दिवशी काय दाखवलं? नुसत्या रेघा! आमच्यातली एकजण कुजबुजली, "अगं, प्रिंटर बिघडलाय यांचा."

बाई हसल्या. म्हणाल्या, याला अमूर्त चित्र म्हणतात. हजारो वर्षं माणसाने जे दिसतं ते काढलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काहीजणांना वाटलं, झाड न काढता झाडाजवळ उभं राहिल्यावर जे वाटतं ते काढता येईल का? मोंद्रियान नावाचा एक डच गृहस्थ. त्याने आधी चांगलं झाडासारखं झाड काढलं, मग फांद्याच, मग फांद्यांमधल्या फटी, आणि शेवटी उभ्या-आडव्या रेघा. कँडिन्स्की नावाचा एक रशियन, तिन्हीसांजेला घरी आला तर खोलीत एक फार सुंदर चित्र दिसलं. कुणाचं म्हणून जवळ जातो तर त्याचंच! आडवं करून ठेवलेलं, म्हणून ओळखू आलं नव्हतं. ओळख पटेपर्यंतच ते सुंदर होतं, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच्याही आधी स्वीडनमध्ये हिल्मा नावाची एक बाई मोठमोठी वर्तुळं रंगवून बसली होती. ती सांगून गेली, मी गेल्यावर वीस वर्षं ही कुणाला दाखवू नका. मी विचारलं, "का हो? घाबरली होती का?" बाई म्हणाल्या, "लोकांना बघायला वेळ लागेल असं वाटलं असेल तिला. घाबरलीही असेल."

मला ती हिल्मा तेव्हापासून आपली वाटते.

मग आला तो काळा चौकोन. मालेविच. पांढऱ्यावर काळा चौकोन, बस्स. तो त्याने टांगला कुठे? भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात. रशियात घरोघरी त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. लोक भडकले. मी मनात म्हटलं, भडकतील नाही तर काय करतील? देवाच्या जागी काळं! मी घरी गेले आणि आधी देव्हाऱ्यातली समई लावली.

आता गणपतीची गोष्ट. थर्माकोल बंद झालेलं, मखर भाड्याने आणायचं तर भाव ऐकूनच घाम फुटावा. मीटिंगमध्ये उत्तराबाई म्हणाल्या, "एक पांढरं कापड, त्यावर एक काळं. पुढे फक्त मूर्ती. सगळ्यांची नजर मूर्तीवरच राहील." नंदकिशोरभाऊंनी विचारलं, "खर्च?" बाई म्हणाल्या, "कापड माझ्याकडेच आहे." आता तुम्ही मला ओळखता. हात पहिला कुणाचा वर गेला असेल?

कडा शिवायला कोण बसलं? आमची सून दीप्ती. पवईच्या ऑफिसातून यायची आणि शिवायची. सातवा महिना लागलेला तिला. मी म्हटलं, "अगं, काळं नको शिवूस." तर म्हणते, "आई, डोहाळे लागलेत असं समजा ना."

स्थापनेच्या दिवशी सीतारामकाका मंडपात आले आणि चप्पल काढता काढता थांबले. काका, रागावू नका, तुमचे शब्द जसेच्या तसे सांगते. "गो जानकी, देवाच्या पाठीक ह्या काळा कित्याक? बाप्पाचा काय श्राद्ध आसा?" आमचा मुलगा सुबोध म्हणाला, "काका, मॉडर्न आर्ट आहे. झकास दिसतंय की नाही?" काका म्हणाले, "तुझ्या पोराच्या बारशाक लाव हां असो पडदो!"

काकांनी ते सहज म्हटलं. पण मी तिथेच बाप्पासमोर कान धरले.

कमिटीने तोडगा काढला. काळ्या चौकोनावर झेंडूच्या माळांचा पडदा सोडायचा. कलेचा मान राहील आणि देवाचाही. रोज सकाळी फुलं ताजी, चौकोन गायब. दुपारनंतर झेंडू मान टाकायचा आणि चौकोन फटीतून परत डोकवायचा. मला तर वाटायचं, तो माझ्याकडेच बघतोय.

पाचव्या दिवशी दीप्तीच्या पोटात दुखायला लागलं. घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी करताना मला आत घेतलं. पडद्यावर सगळा काळोख. कुठे डोकं, कुठे पाय, मला काही म्हणता काही कळेना. डॉक्टरीणबाई बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, इथे हृदय." काळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. मी हात जोडले. कशाला जोडले, ते अजूनही सांगता येत नाही.

मग बाहेर, सोबत आलेल्या आपल्याच बायकांचं सुरू झालं. तुमची नावं घेत नाही, काळजीनेच बोलत होता. "सातव्या महिन्यातली बाई, तिच्याकडून काळं शिवून घेतलं. वर देवाच्या मागे लावलं!" मी तडक रिक्षा केली आणि मंडपात आले. उत्तराबाई एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "काढा तो चौकोन. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी वाद घातला नाही. उठून स्टूल आणून ठेवलं. म्हणाल्या, "काढा. तुमच्या जिवाला बरं वाटणार असेल तर चौकोनाचं काय एवढं."

मी स्टुलावर चढले, कापडाचं टोक धरलं. आणि आठवलं, एकदा देव बसला की उत्तरपूजेआधी मखर हलवत नाहीत. ठेवावं तर काळं, काढावं तर बसलेल्या देवाला धक्का. दोन्हीकडून अशुभ! सांगा, कुणीकडे जावं बाईने? मी ते टोक धरून स्टुलावर रडत उभी राहिले, आणि उत्तराबाईंनी खालून माझे पाय घट्ट धरून ठेवले, मी पडू नये म्हणून.

चौकोन उत्तरपूजेपर्यंत तसाच राहिला. आणि त्याच दिवशी आमची गार्गी जन्माला आली. कोंबडीच्या पिल्लाएवढी. काचेच्या पेटीत.

गणरायाच्या कृपेने ती जगली. पण एवढ्या लवकर आलेल्या बाळांचे डोळे आतून कच्चे असतात, पडदा नीट तयार झालेला नसतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "थोडी खराबी आहे. आपोआप सुधारू शकेल, बघत राहू." बघत राहू! घरात सगळे एकाच गोष्टीकडे बघत राहिलो, ही बघते का. सुबोध तोंडासमोर बोटं नाचवायचा. आमचे हे खिडकी उघडायचे, बंद करायचे. पोर आपली छताकडे.

आणि एक दिवस मी पाळण्याजवळ गेले, आणि गार्गीने मान वळवली. माझ्याकडे! मी दुसऱ्या बाजूला गेले, तिकडे वळली. अहो, काय तो आनंद! मी सोसायटीत पेढे वाटले. खर्चाच्या बाबतीत माझा हात कसा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणजे विचार करा. सीतारामकाकांनी दोन खाल्ले.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजा आटोपून मी उत्तराबाईंना बाळ बघायला बोलावलं. कौतुकाने म्हटलं, "बघा हं, आजीकडे कशी बघते." इकडून गेले, वळली. तिकडून गेले, वळली. बाईंचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाल्या, "जानकीबाई, बांगड्या."

मी हाताकडे बघितलं. हिरवा चुडा, मध्ये सोन्याच्या पाटल्या. मी हलले की किणकिण. बाळ आवाजाकडे वळत होतं हो. मला बघत नव्हतं.

मंडळी, आम्ही बायका जन्मभर बांगड्या घालतो. त्यांचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. दीप्तीच्या हातात बांगड्या, तिच्या आईच्या हातात बांगड्या. घरातल्या सगळ्या बायकांना ते पोर "बघत" होतं. सुबोधकडे मात्र बघायचं नाही, आणि आम्ही त्याला चिडवायचो, बापाचं तोंड आवडत नाही म्हणून! दीप्ती मटकन खाली बसली. म्हणाली, "आई, मला माहीत होतं. मला विचारायची भीती वाटत होती."

डॉक्टरांनीच सांगितलं होतं, एवढ्याशा बाळाला चेहरे धूसर दिसतात, काळं-पांढरं ठळक असेल तर आधी दिसतं. उत्तराबाई घरी गेल्या आणि एक पांढरा पुठ्ठा घेऊन आल्या. त्यावर तोच तो काळा चौकोन, तळहाताएवढा. मी म्हटलं, "तुम्हीच धरा. तुमच्या हातात बांगड्या नाहीत." तर म्हणाल्या, "नाही. तिने नाही बघितलं, तर तुम्हाला जन्मभर वाटेल की माझ्या काळ्यानेच झालं. तुम्ही धरा."

सवाष्णीने बांगड्या काढायच्या, तेही गुरुवारी? माझी छाती झाली नाही. शेवटी आमच्या ह्यांचा मफलर, त्यांना मुंबईतही थंडी वाजते, तो मनगटापासून कोपरापर्यंत गच्च गुंडाळला. दुसऱ्या हाताला टॉवेल. पंखा बंद. ह्यांना खोकला आला तर बाहेर काढलं. आणि मी, देवामागे काळं नको म्हणून रडलेली बाई, तो काळा चौकोन घेऊन नातीसमोर उभी राहिले.

काही नाही. छताकडेच बघत होती.

उत्तराबाई म्हणाल्या, "थोडं जवळ. घाई नको." मी जवळ नेला. मनात अथर्वशीर्ष चाललेलं, ओठ हलवायची चोरी. गार्गीची नजर छतावरून उतरली. चौकोनावर आली आणि तिथे थांबली. मी श्वास घेतला नाही. पुठ्ठा सावकाश डावीकडे सरकवला. डोळे डावीकडे आले. उजवीकडे नेला. उजवीकडे आले.

दीप्तीने पदर तोंडात कोंबला. माझ्याच डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला तेवढं काही दिसेना.

बाई, तुम्ही गुरुवारी सांगायचा ते मला सगळं कळलं, असं मी म्हणणार नाही. निर्गुणाचे अभंग मी म्हणते, पण पूजा मला मूर्तीचीच लागते, आणि पुढच्या वर्षी मखराला काळं आलं तर मी सीतारामकाकांच्याच बाजूला बसेन. काका, मान डोलवू नका, पुढचं ऐका. माझ्या नातीने या जगात पहिल्यांदा जे पाहिलं, त्याला तोंड नव्हतं, नाव नव्हतं. तो पुठ्ठा पाळण्याला टांगलाय. तुम्ही परत मागितलात तरी मिळणार नाही.

आता मंडळातर्फे शाल आणि श्रीफळ अध्यक्ष देतीलच. मी घरून काजळाची डबी आणलीय. बाई, तुम्हाला कुणी तीट लावून वर्षं झाली असतील. जायच्या आधी कानामागे लावून घ्या. गोल आवडत नसेल तर चौकोनी लावते.

अध्यक्षमहाराजांनी मला वेळ दिला, कार्यकारिणीने हॉल सजवला, वडे तळणाऱ्या भगिनी आत उकाड्यात उभ्या आहेत, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्यांचे सर्वांचे मनापासून आभार. परक्या देशातल्या चित्रकारांची नावं चुकली असतील, कुणाच्या घरातलं बोलणं इथे बाहेर पडलं असेल, तर थोरामोठ्यांनी पोटात घालावं.

आणि शेवटची एक विनंती. भाषण संपल्यावर टाळ्या वाजवू नका. गार्गी पहिल्या रांगेत दीप्तीच्या मांडीवर आहे, जागी आहे. चौकोन ती बघते. पण चेहरा बघते का, ते अजून कुणाला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, आता तिने बघायला हवा. गेले काही दिवस मी घरी करून बघायचं टाळतेय, भीतीने. इथे तुम्ही सगळे आहात, उत्तराबाई आहेत. पुढच्या आठवड्यात त्या नसतील.

म्हणून मी आता बोलणं थांबवते. हे बघा, मफलर आणि टॉवेल आणलाय. उत्तराबाई, जरा गाठ मारा. मी पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे.

कुणी आवाज करू नका.