फोटोतली टोपली

चारुलता : म्हणजे काका, आमच्या प्रतिष्ठानाच्या फॉर्मवर हीच जागा तुम्ही रिकामी सोडलीत. 'लोकांनी निर्माल्य नदीत टाकू नये म्हणून काय केलं?' पुरस्कार खरं तर याच प्रश्नावर ठरतो.

शरच्चंद्र : समजावून सांगितलं लोकांना. क्षिप्रा आपली आई आहे, वगैरे.

चारुलता : आणि तेवढ्यावर ऐकलं? मी पुण्यात नदीकाठीच राहते. कोणी ऐकत नाही हो.

शरच्चंद्र : हळूहळू ऐकलं. फलकही लावला होता.

चारुलता : कुठेय?

शरच्चंद्र : पुरात गेला.

(राम घाटाच्या पायऱ्या, १९९५ सालची एक सकाळ. गुडघाभर पाण्यात उभी राहून जयूबाई यात्रेकरूंच्या हातची फुलं टोपलीत घेते आहे. शरच्चंद्रांना तिच्याकडे बघवत नाही.)

चारुलता : बरं. या फुलांचं खत व्हायला किती दिवस लागतात?

शरच्चंद्र : महिना. महिनाभर धरा.

जयूबाई : साहेब, महिन्यात तर झेंडूचा देठ पण गळत नाही. गर्मीत अडीच, बरसातीत चार.

चारुलता : या कोण?

शरच्चंद्र : जयूबाई. यांचे यजमान आमच्या बँकेत शिपाई होते. या... मदत करतात.

जयूबाई : हो, मदत करते. सगळं साहेबांनीच शिकवलं. साठी उलटली, विसरतात आता. तुम्ही लिहून घ्या ताई, अडीच अन् चार.

चारुलता : मग तुम्हीच सांगा, लोक फुलं तुमच्या हातात का देतात?

जयूबाई : सांगू, साहेब?

शरच्चंद्र : सांगा.

जयूबाई : मी कोणाला मना नाही करत. देवाचं फूल कचऱ्यात टाका म्हटलं तर कोण टाकेल? मी पण नाही टाकणार. मी म्हणते, फूल मला द्या अन् हे मूठभर खत घरी न्या, तुळशीत घाला. मागच्या फुलांचंच असतं ते. देवाचं देवाकडेच गेलं ना, मग देतात. पंडेलोक पण आता पूजेला आलेल्या यजमानाला माझ्याकडे पाठवतात. बस, ही प्लास्टिकची पन्नी नवी आफत झालीय. पहिले पानाचे दोने यायचे, आता दोन-तीन वर्षांपासून हार पन्नीत बांधून देतात.

चारुलता : काका, एवढी सुरेख गोष्ट तुम्ही का नाही सांगितलीत?

शरच्चंद्र : कारण मला ती माहीत नव्हती.

जयूबाई : ऊन लागतंय साहेबांना. सावलीत बसा जरा.

शरच्चंद्र : नाही जयूबाई, पुरे झालं. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायचं, तेही क्षिप्रेत उभं राहून. चारुलताबाई, तुमच्या फायलीत पेपरचं कात्रण आहे ना?

चारुलता : आहे. तुम्ही पाण्यात उभे, हातात टोपली. त्यावरूनच तर आम्ही तुम्हाला पत्र पाठवलं.

शरच्चंद्र : ती टोपली यांची. मी नुसता स्नानाला आलो होतो. पेपरवाला फोटो काढायला आला तेव्हा या म्हणाल्या, साहेब, जरा धरा, पदर घेते. मी धरली, तेवढ्यात त्याने फोटो काढला. नाव विचारलं, मी माझं सांगितलं.

चारुलता : आणि छापून आल्यावर?

शरच्चंद्र : संपादकाला लिहिलं, चूक झाली म्हणून. पत्र टाकायला निघालो, तर टावर चौकात चार जणांनी थांबवून हात मिळवला. बँकेत पस्तीस वर्षं काढली, असा हात कोणी मिळवला नव्हता. गोड लागलं हो. पत्र खिशातच राहिलं. मग तुमचा फॉर्म आला, तोही भरला. घरी हिने कात्रण फ्रेम करून देवघरात लावलंय. दोन वर्षं मी पूजेला बसतो तो मान खाली घालून. लाज वाटते.

जयूबाई : मला काय ठाऊक नव्हतं? त्या फोटोत माझं कोपर आलंय. नातीला दाखवते, हे बघ, आजी.

शरच्चंद्र : मग दोन वर्षं बोलला का नाहीत?

जयूबाई : काय बोलणार? आमचे हे गेले तेव्हा फंडाचे कागद घेऊन तुम्हीच फिरलात. तीनदा भोपाळला गेलात. पण राग आला होता, कशाला लपवू? वहिनींनी तुळशीला खत मागितलं, तर दोन महिने 'संपलं, संपलं' करत राहिले.

शरच्चंद्र : वाळली होती आमची तुळस.

जयूबाई : माहीत आहे. नंतर मलाच वाईट वाटलं. तुळशीचा काय कसूर?

चारुलता : काका, यादीत तुमचं नाव बरंच पुढे गेलंय. फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, हे मला पुण्याला कळवावं लागेल.

शरच्चंद्र : कळवा. हे ते संपादकाचं पत्र, घड्यांवर फाटायला आलंय, तेही न्या. दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे त्यावर, ती बदलू नका.

चारुलता : आणि यांचं नाव घेतील की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. नवा अर्ज लागेल, पुन्हा तपासणी.

शरच्चंद्र : अर्ज यांनी सांगायचा, मी लिहीन. एक शब्द माझ्या मनाचा घालणार नाही.

जयूबाई : अन् तुमच्या घरची ती फ्रेम?

शरच्चंद्र : घरी जाऊन पहिलं तेच सांगणार आहे. सगळ्यात अवघड तेच आहे.

चारुलता : जयूबाई, अर्जाला एक फोटो लागेल. इकडे बघता?

जयूबाई : थांबा ताई, पदर घेते. साहेब, जरा धरा ही टोपली.

शरच्चंद्र : पायरीवर ठेवा, जयूबाई. आम्ही थांबतो.