भिंत म्हणायचं नाही

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या बाई शरीरक्रियाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पाठीमागच्या बाकावरचं बोलणं त्यांनाच काय, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं, कारण तिथले म्हातारेबुवा ठार बहिरे होते आणि त्यांची डॉक्टर लेक ओरडून बोलत होती.

"परवा मला जुलाब झाले तेव्हा पाण्यात साखर घातलीस, ते ठीक. पण मीठ कशाला?"

"साखरेला एकटीला आत घेत नाहीत, बाबा! आतड्याच्या पेशीला दारं असतात. मिठाचा हात धरून आली, तरच प्रवेश!"

"म्हणजे पेशीच्या भिंतीला..."

"भिंत म्हणायचं नाही! पडदा म्हणा!"

"अगं, केवढ्यांदा खेकसतेस!"

"त्या एका शब्दापायी मॅडमनी मला तोंडी परीक्षेत नापास केलं होतं. म्हणाल्या, भिंत झाडांच्या पेशीला असते, तुला काय झाडांना औषधं द्यायचीत?"

"चांगलीच खाष्ट होती की!"

"भयंकर! उभा जन्म त्या पडद्याच्या संशोधनात घातला त्यांनी. कुणी त्याला भिंत म्हटलं, की पोटच्या पोराला नावं ठेवल्यासारखं लागायचं."

"आता तू शिकवतेस. तुझी मुलं भिंत म्हणाली तर?"

"नापास! सरळ नापास करते मी!"

"बारा नंबर!" कंपाउंडर बाईंसमोर येऊन म्हणाला. "अहो आजी, मघापासून तुम्हालाच हाक मारतोय. अजिबात ऐकू येत नाही का?"

"येतं हो," बाई सावकाश उठत म्हणाल्या. "आज तर अगदी खणखणीत येतंय."