न हलणारा परवाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय विश्वनाथराव, मंचावर उपस्थित मुख्याध्यापक नारायण सर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मंगला मॅडम, माझे सहकारी, पालकवर्ग आणि विद्यार्थी मित्रहो,

मी जयवंत, या शाळेत मराठी शिकवतो. मॅडमविषयी चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल आभारी आहे. पण खरं सांगू? सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भाषण लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कागद घरीच ठेवून आलो. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

मॅडम सावंतवाडीच्या. सिल्वासात आल्या तेव्हा आपल्या शाळेचा संगणक कक्ष म्हणजे कुलूप लावलेली खोली होती. तो त्यांनी कसा उभा केला हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी फक्त गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो.

आपली सोनम समोर बसली आहे. तिचे वडील कारभारी मूळचे पारोळ्याकडचे, मसाटच्या कारखान्यात काम करतात. सोनमला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज ऐकत ती लॅपटॉपवर लिहिते. हे तिला मॅडमनी शिकवलं. दहावीचा पेपर तिने लेखनिक न घेता, आपल्या हातांनी लिहायचा, असं ठरलं होतं. बोर्डाची परवानगी आली होती. आणि परीक्षा तोंडावर असताना विजेचा दाब वरखाली झाला आणि तिचा लॅपटॉप जळाला.

कारखान्यातल्या साहेबांनी चांगुलपणाने नवा लॅपटॉप दिला. पण कोरा. आत विंडोज नाही. आम्हाला वाटलं, त्यात काय? जुन्यात विंडोज होतंच, त्याचे पैसे मोजलेले होते, तेच नव्यात घालू. मॅडमनी घालून पाहिलं. पडद्यावर नकार आला. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅम, जो सिस्टम मशीन के साथ आता है, उसका लायसन्स उसी मशीन का रहता है. दूसरे में ट्रान्सफर नहीं होगा."

"पर मशीन तो जल गया," मॅडम म्हणाल्या.

"तो लायसन्स भी गया, मॅम."

मी चिडलो. डोकमर्डीतल्या एका दुकानदाराला विचारून आलो. तो म्हणाला, "सर, दस मिनिट का काम है, बिना लायसन्स का डाल देता हूँ. सब यही करते हैं." मी धावत शाळेत आलो. म्हटलं, "मॅडम, एकदा पैसे भरलेलेच आहेत. कोणाला फसवतोय आपण?"

मॅडम म्हणाल्या, "सर, परीक्षा केंद्रावर लॅपटॉप तपासणार आहेत. तिथे अडवला तर? ऐन पेपरात काही बिघडलं तर? ती पोर आवाजाविना बसून राहील. आणि समजा काहीच झालं नाही, तरी तिच्या पेपरात मला एवढंसुद्धा खोटं नको."

राग गिळून मी दुकानदाराला नको म्हणून कळवलं.

विंडोजऐवजी फुकट मिळणारी प्रणाली घालून पाहिली. तिच्यातला मराठी आवाज सोनमला कळेना, आणि नव्याने शिकायला वेळ कुठे होता? शाळेकडून नवा परवाना घ्यायचा तर मंजुरी परीक्षेनंतर येणार होती. मॅडम म्हणाल्या, मी घेते. कारभारींनी हात जोडले. "नको मॅडम. पोरीले फुकटचं घ्यायची सवय लावू नका. कारखान्यातला मी मागितला नव्हता, त्यायनी दिला."

त्या दिवसांत मॅडम कक्षात नुसत्या येरझारा घालत होत्या. मग एका सकाळी त्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. कारभारींना बोलावलं आणि म्हणाल्या, "परवाना यंत्रातून निघत नाही ना? मग यंत्रच परवान्यासकट देऊ. तेवढं चालतं, मी विचारलंय. कारभारीभाऊ, माझा जुना घ्या, तुमचा नवा मला द्या. अदलाबदल."

कारभारींनी मॅडमचा लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "यात तोटा तर मनाच होतो." त्यांच्या बोलीत मना म्हणजे माझा.

"होतोच."

"मग घेतो."

मंडळी, त्या लॅपटॉपवर मॅडम रोज आपल्या लेकीशी, कॅनडातल्या धनश्रीशी बोलायच्या. मॅडमच्या दिवंगत यजमानांचे फोटो, त्यांचा आवाज, सारं त्यातच होतं. बोर्डाला विंडोज आणि वाचून दाखवणारा आवाज सोडला तर यंत्र आतून पूर्ण रिकामं लागतं. त्यांनी ते सगळं बाहेर काढून ठेवलं आणि मग पुसलं. मी शेजारी होतो. शेवटची कळ दाबायच्या आधी त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या आणि दाबली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पेपरच्या दिवशी केंद्रावर तपासणी झाली, सगळं नियमात निघालं. मॅडम, कारभारी आणि मी फाटकाबाहेर. मी म्हटलं, "मॅडम, बसा जरा." "बसवत नाही," म्हणाल्या. इतर मुलं निघून गेली, सोनमला जादा वेळ होता; त्या फेऱ्या मारतच होत्या. सोनम बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम, मधेच आवाज गेला होता."

कारभारींनी पुढे होऊन तिच्या हातातला लॅपटॉप घेतला.

"मग गं?" मॅडमनी विचारलं.

"हेडफोनची पिन सुटली होती. चाचपून लावली. पेपर पूर्ण झाला."

सोनम आज अकरावीत आहे, हे आपण जाणताच.

आता माझ्या बेचैनीचं कारण सांगतो. जूनमध्ये सामरवरणीहून गुड्डी नावाची मुलगी आठवीत येते आहे. तिलाही दिसत नाही. आणि मॅडमच्या जागी अजून कोणाचीही नेमणूक झालेली नाही. गुड्डीजवळ कोण बसणार? मी मराठीचा माणूस. मॅडमनी मला थोडं शिकवलंय, पण ते पुरणारं नाही. अध्यक्ष महाराज, ही जागा भरण्याचा शब्द आपण आज, मॅडमच्या समोर द्यावा.

मॅडम, आपल्याला निरोगी, निवांत आयुष्य लाभो. आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या सभेत मागणी करू नये, हा संकेत मी मोडला. त्याबद्दल मॅडमची आणि आपणा सर्वांची क्षमा मागतो. अध्यक्षांची मात्र आत्ताच मागत नाही. त्यांचं उत्तर ऐकतो, मग मागेन.