उल्काताईंनी मागे घेतलेलं गाणं

अध्यक्ष हयवदनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या उल्काताई, आणि बनशंकरीपासून मारतहळ्ळीपर्यंतची वाहतूक सोसून आलेल्या रसिकहो,

मी श्रीवत्स, ताईंचा ध्वनिमुद्रक. माइकच्या मागे बसणारा माणूस मी, पुढे उभं राहिलं की हात कुठे ठेवावेत कळत नाही.

ताई नागपूरहून इथं बेंगळूरला आयटीत आल्या. नोकरी सोडून त्यांनी लोकगीतांची रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा आपल्यातले किती जण हसले होते? असो. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली गाणी आम्ही मुद्रित केली. त्यात माझ्या आत्याचं, अहल्याअक्काचं, पाठवणीचं गाणं होतं. मुलगी उंबऱ्यावर आली की मगच म्हणायचं, एरवी नाही. ताईंनी तिला समजावलं, "अक्का, जपून ठेवू." ती गायली, आणि ते गाणं तुफान चाललं.

मग एकदा माझी मुलगी अनुषा अक्काला इंदिरानगरच्या हॉटेलात घेऊन गेली. मीही होतो. तिथं तेच गाणं लागलं, खाली ढोलाचा ठेका घातलेला. अक्कानं वेटरला सांगितलं, "आवाज स्वल्प कमी करा." त्यानं केलं नाही. ती उठून बाहेर आली.

"श्रीवत्सा, मुलगी दाराशी उभी आहे आणि लोक सूप पितायत."

हे कळताच ताईंनी गाणं सगळीकडून काढून घ्यायचं ठरवलं. मी भांडलो. म्हटलं, "ताई, कंपनी याच गाण्यावर उभी आहे."

"जपून ठेवू म्हणाले होते मी. जपलं कुठे?"

गाणं गेलं, आणि हळूहळू कंपनीही. मी चिडलो होतो. खरं सांगायचं तर आजही मन थाऱ्यावर नाही. बरोबर कोण होतं?

गेल्या महिन्यात अक्कानं ताईंना घरी बोलावलं. ताई सवयीनं यंत्र घेऊन आल्या, ते तिनं चपलांपाशी ठेवायला लावलं.

"बस. आता तू म्हण."

"मला गाता येत नाही, अक्का."

"मला तरी कुठे येत होतं? आई म्हण म्हणाली, म्हटलं. सरी? ठीक आहे ना?"

दुपारभर ताई चुकत होत्या, अक्का परत म्हणून घेत होती. मी बाहेर यंत्रापाशी. बटणाकडे हात दोनदा गेला, दोनदा मागे घेतला. शिकवतानाचा तो आवाज पुन्हा मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. अजून झोपताना तेच मनात येतं.

ताई उद्या नागपूरला निघतील. मार्गशीर्षात त्यांच्या भाचीचं लग्न आहे. पाठवणीला त्या गाणार आहेत. अक्कानं आत्ताच स्वतःचंही तिकीट काढायला लावलंय. या वयात एवढा प्रवास कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "ही कडवं विसरली तर?"

मंडळाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलता बोलता कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात उणं पडलं असेल, तर घरचाच माणूस समजून पोटात घाला. नमस्कार.