फुगडीची चाल कोणी नेली

आधी मला सांगा, हे तुम्ही लिहून घेताय ते कुठे जाणार. नाही, राग मानू नका, आमच्या घरात विचारायची सवयच आहे. मी दर्शना, पेडण्यातल्या पार्से गावची. बाबा पेडणे-म्हापसा बस चालवायचे, देवळातल्या भजनात पेटी वाजवायचे, आणि कोणी जास्त गोड बोललं की घरी येऊन म्हणायचे, ह्याका काय होया ता बघूक होया. आई लवकर गेली, मला वाढवलं आत्येने, बाबांच्या मोठ्या बहिणीने. ती तर पाववाल्या पोदेराने पाव जास्त दिला तरी कालचा असेल म्हणून उलटा करून बघणारी. अशा घरात वाढलेली मी, माझ्यात काय येणार.

तर मँडोलिन. ते आम्ही आणलेलं नव्हे, ते बाबांच्या बसमध्ये राहिलं. मागच्या सीटखाली काळं खोकं, उघडलं तर आत आठ तारांचं छोटं वाद्य. बाबांनी चौकीवर कळवलं, बसच्या काचेवर चिठ्ठी लावली, वर्ष गेलं तरी न्यायला कोणी आलं नाही. आत्ये म्हणाली, सुखासुखी कोण असा टाकून जाता, काहीतरी असतला, घरात ठेव नको. पण मी तेव्हा सातवीत होते, मी एक तार छेडली आणि संपलं. बाबांनी पेटीवर सूर धरून ते जुळवून दिलं, आणि मी ऐकलेलं सगळं त्याच्यावर काढू लागले, अभंग, चवथीच्या आरत्या, आत्येच्या फुगड्या. आत्ये फुगडीची गाणी म्हणते ती काय सांगू तुम्हाला, कमरेत वाकलेली बाई, पण गळा तसाच खणखणीत.

कॉलेज झालं आणि मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये मी रिसेप्शनला लागले. तिथे रॉय आला. सत्तरीचा अमेरिकन, बँजो घेऊन आलेला, दर हिवाळ्यात चार महिने राहायचा. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी मागच्या बलकांवात, ओसरीवर, वाजवत बसलेले, तो येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हात चांगला आहे, ब्लूग्रास ऐकलंयस का. मी म्हटलं नाही. ते त्यांच्याकडच्या डोंगरातल्या लोकांचं गाणं, बँजो, फिडल, गिटार, मँडोलिन, सगळी तारांची वाद्यं आणि भरधाव चाल. ढोलकी नाही की काही नाही, ढोलकीचं काम मँडोलिनने करायचं, दोन ठोक्यांच्या मधे हात मारायचा आणि लगेच बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. तो म्हणाला, शिकायला लोकांना महिने लागतात. मला दोन दिवसांत आलं, कारण बाबांच्या भजनात झांज तशीच पडते, मी ती जन्मापासून ऐकलेली.

मग आम्ही रोज दुपारी बसायचो. तो त्याची चाल द्यायचा, मी आमची. फुगडी चढत जाते ना, बायका हात धरून गरगर फिरतात तेव्हा, ती मी त्याच्या पद्धतीने भरभर वाजवली आणि रॉय बँजो घेऊन मागे धावत आला, तेव्हा दोन्ही वेगळी कुठे ते मलाच कळेना. पण एक गोष्ट. बसलो की तो खिशातून एक छोटं रेकॉर्डर काढायचा आणि मेजावर ठेवायचा. दर वेळी. मी एकदा विचारलं, हे कशाला, तर म्हणाला, म्हातारा झालो, विसरतो. मी घरी सांगितलं. बाबा जेवण अर्धं टाकून उठले. आत्ये म्हणाली, गे बाये, तुझा गाणा त्या डबीत भरून खय नेता तो? गावातही कुजबुज होतीच, बसवाल्याची पोर गोऱ्याकडे काय शिकते म्हणून. ती कुजबुज मी झटकली, पण आत्येचा प्रश्न काही झटकता आला नाही. त्यानंतर वाजवताना माझा एक डोळा तारांवर आणि एक त्या रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर.

त्याच साली डिचोलीचा प्रसाद भेटला. गिटार वाजवणारा, माझ्याच वयाचा, आमच्यातलाच. त्याच्या घरी आम्ही रविवारी सराव करायचो, त्याची आई माझ्यासाठी भाज्यांचं खतखतं करून ठेवायची. त्याच्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. लिहा हे, मुद्दाम लिहा.

पुढच्या साली जानेवारीत मी आत्येला घेऊन केरीला गेले, तिच्या बहिणीकडे. दुपारी किनाऱ्यावरच्या एका शॅकसमोरून चाललो होतो आणि आत्ये वाळूत थांबली. म्हणाली, ही माझी फुगडी. स्पीकरवर चालू होती, मँडोलिन आणि खाली गिटार. मला वाटलं भास, पण दुसऱ्या फेरीत एक सूर घसरला आणि तो माझाच होता, माझं तिसरं बोट तिथे घसरलं होतं, आपली चूक माणूस ओळखतो. वेटरला विचारलं तर म्हणाला इंटरनेटवरचं आहे, फोन दाखवला, वर कुठल्यातरी बँडचं इंग्रजी नाव, माझं नाही, आत्येचं नाही, गावाचंसुद्धा नाही. आत्ये वाळूतच बसली. म्हणाली, नेल्यानच मा शेवटी.

मी दुसऱ्या दिवशी थेट रॉयसमोर उभी राहिले. चार गिऱ्हाईकं बघत होती. म्हटलं, तुम्ही चोर आहात, आमच्या घरातलं उचलून नेलंत. गिटार त्याने तिकडे अमेरिकेत कोणाकडून तरी घालून घेतली असं मी धरूनच चालले होते. तो भांडला नाही. आत गेला, रेकॉर्डर आणून माझ्या हातात दिला, म्हणाला, यात सगळं आहे, घेऊन जा. त्या आठवड्यातच तो खोली सोडून गेला.

रविवार उजाडल्यावर मी आणि बाबा ते ऐकायला बसलो. प्रत्येक तुकड्याआधी रॉयचा आवाज, आज दर्शनाने वाजवलं, पार्से गाव, चाल तिच्या आत्येकडून आलेली, आत्येचं नाव सुमती. नाव जमत नव्हतं म्हणून दोनदा म्हटलेलं. फुगडी होती, पण बँजोबरोबर, आणि त्यात सूर कुठे घसरलेला नव्हता. बाबांनी मला विचारलं, मग तुझा बोट घसरला ता खय? आणि मला आठवलं. डिचोलीला. प्रसादची आई चहा घेऊन आली, माझी नजर वर गेली आणि बोट घसरलं.

प्रसादला फोन केला. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, सराव फोनवर भरून घेतला होता, तो इंटरनेटवर टाकून बघितला नुसता, चालला तर सांगणारच होतो. मी म्हटलं, आधी विचारलं का नाहीस. तर म्हणतो, तू सगळ्यांवर संशय घेतेस, तुला कोण विचारणार.

हे वाक्य मला अजून टोचतं. खोटं असतं तर टोचलं नसतं. दिवा कोणाचा पेटतोय ते बघत बसले, आणि ज्याच्याकडे बघितलंच नाही त्याने नेलं. प्रसादने ते गाणं नंतर काढलं. रॉयला मी माफीचं लिहिलं, पुष्कळ दिवसांनी त्याचं उत्तर आलं, राग नाही, आमच्या डोंगरातही परका आला की लोक विचारतात कशाला आलास म्हणून, पण आता गुडघे चालत नाहीत, येणं होणार नाही, तू वाजवत राहा.

मी वाजवते. गेल्या चवथीत अंगणात बायकांनी फेर धरला, बाबांनी झांज घेतली, मी मँडोलिन, आत्ये खुर्चीत बसून गायली. सुरुवातीला मी मोठ्याने सांगितलं, ही चाल सुमतीआत्येची. तर ती म्हणाली, माझी खयची, माका कोणी दिली आणि मी घेतली, तेव्हा मी तरी कोणाक इचारलंय? बायका हसल्या. मला हसू आलं नाही, मी अजून त्याचा विचार करते.

समोर कोणी फोन धरला की माझी मान अजूनही वळते, ते काही जायचं नाही. रॉय जिथे असेल तिथे त्याच्या गुडघ्यांना देव बरं करो. प्रसादचंही चांगलं होवो, त्याच्या आईचं तर होवोच. पण डिचोलीला मी जाणार नाही.