आफ्रिकेच्या माशांना निमोण्याचं पाणी

…आन् फोन उचलल्या उचलल्या विचारतो काय, तर ‘पप्पा, पीएच किती?’ आता तुम्हीच सांगा मंडळी, बापाला विचारायचा सवाल हाय का हा? गुडघा दुखतो का न्हाई, आई जेवली का न्हाई… काय न्हाई, डायरेक्ट पीएच! आमचा शंभू हो, एकुलता एक. बंगळूरला इंजिनेर हाय. जवा शिक्रापूरच्या कंपनीत होता, तवा तिथल्या एका साहेबाची बदली झाली, आन् साहेबानं जाता जाता काचेची टाकी ह्याच्या गळ्यात घातली. टाकी म्हंजी केवढी? आमच्या दिवाणापेक्षा लांब! आख्खं निमोणे गाव बघायला आलं, म्हणायला लागलं, ‘आण्णा, आत पोहायला उतरता का काय?’ त्यात आफ्रिकेतल्या तळ्यातले मासे, सिक्लिड म्हणं. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्याचे… आन् भांडकुदळ असे, की आमच्या भावकीनं शिकवणी लावावी! पुढं पोरगं बंगळूरला गेलं, मासे राहिले आमच्याकडं. जाताना पाया पडला, मला वाटलं आता म्हणंल, तब्येतीला जपा… तर म्हणतो कसा, ‘पप्पा, पाण्याला जपा!’

जपतो बाबा, जपतो! आमच्या बापजाद्यांनी गावोगाव मेंढरं हिंडवली, मिळंल तिथलं पाणी पाजलं, कुण्या मेंढरानं पीएच विचारला न्हाई. आन् मी? मी नळकांडीत टाकीतलं पाणी घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो, हलवतो, आन् डोळ्याला चष्मा लावून तो रंग कागदावरच्या रंगाशी जुळवत बसतो. निळसर आला तर ठीक, पिवळट आला तर बोंबला! आमची धुरपदा, म्हंजी शंभूची आई, ती म्हणते, ‘माझ्या लुगड्याला झंपराचा रंग जुळतो का, ते बघाया कवा एवढा येळ दिला न्हाईत!’

तर ह्या माशांना लागतं काय? जड पाणी! म्हंजी आपल्या बोरचं! ज्या पाण्यात डाळ शिजंना, साबणाला फेस येईना, बादल्या पांढऱ्याफट झाल्या, शेजारच्या म्हाळूआप्पाला मुतखडा झाला… तेच ह्यांना अमृत! मी म्हटलं, वा रं पठ्ठेहो, तुम्ही तर आमच्याच गावकीचे निघाला! आन् खरं सांगू का? पोरगं नसलेलं घर खायाला उठतं हो. पण रविवारी फोन ठरलेला. पीएचचा का हुईना, आवाज तर कानावर पडतो! मासे हायेत तवर फोन हाय, एवढं मी मनाशी धरून चाललोय.

म्हणूनच तर त्या दिवशी माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं! झालं काय, मी गेलेलो शिरूरच्या बाजाराला. हिकडं धुरपदाला लेकाची आठवण आली. बसली टाकीपाशी, आन् मनाशी म्हणते, ‘माझ्या शंभूची लाडाची लेकरं, ह्यांना असलं मचूळ पाणी? घरी पाव्हणं आलं तर आपण जारचं देतो, हे तर आफ्रिकेवरनं आल्यात!’ घ्या! मागवले फिल्टरच्या पाण्याचे जार, काढलं टाकीतलं निम्म्याच्या वर पाणी, आन् दिले ओतून! वर हात बी जोडले म्हणं! आता तिला काय बोलायचं?

मासे फिके पडले हो. रंग उतरला, सगळे कोपऱ्यात गोळा, भांडणं बंद… आन् भावकी भांडायची थांबली की समजावं, कायतरी वंगाळ झालंय. नळकांडीत बघतो तर पिवळं! फोन लावला. शंभू वरडला, ‘पप्पा, मी सांगितलं होतं ना, पाण्याला जपा! फिल्टरच्या पाण्यात क्षारच नसतात, पीएच टिकणार कसा? आता एकदम काय करू नका, हळूहळू बोरचं मिसळा, आन् शिंपल्याचा चुरा बघा कुठं मिळतो का!’ शिंपले? निमोण्यात? घोडनदीला काय समुद्र लागलाय का? मग आठवलं, गनीभाईची पोल्ट्री! कोंबड्यांना घालतात ना शिंपल्याचा चुरा, अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून. गेलो. गनीभाई म्हणतो, ‘क्या आण्णा, मच्छी अब अंडे देनेवाली है क्या?’ मी म्हटलं, ‘भाई, हसू नको, पोराचा फोन बंद हुईल माझ्या!’ तसा हसायचा थांबला. त्याचा पोरगा सोहेब दुबईला असतो. पोतं भरलं आन् स्वतः गाडीवर घालून घरी आणून दिलं.

मग काय, फडक्यात चुरा बांधून टाकीत सोडला, तांब्या-तांब्यानं बोरचं पाणी घालाया लागलो. आन् त्या दिवसांत काय झालं सांगू? शंभूचा रोज फोन! सकाळी फोन, सांजच्याला व्हिडिओ! ‘पप्पा, तो निळा दाखवा… पप्पा, तुमचा आवाज का बसलाय?’ आवाज! माझा! मी धुरपदाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. असं म्हणू नये, पण मनात आलंच… मासेहो, बरं व्हायला जरा येळ लावा रं! पण कुठलं काय, झाले की टवटवीत! आन् फोन पुन्हा रविवारचा. ‘पीएच किती? बरं. पाण्याला जपा!’

आन् आता दिवाळीला आला की हो! दौंडला बंगळूरची गाडी यायच्या कितीतरी आधी मी फलाटावर हजर. घरी आला, बूट न काढता टाकीपाशी. थेंब टाकले, नळकांडी उजेडात धरली… ‘पप्पा, एकदम परफेक्ट! लोकांना विकतचे क्षार टाकून असं पाणी जमत न्हाई!’ माझी छाती ही एवढी! तवर धुरपदा आली तांब्या भरून, माठातलं, बोरचं. तर हा हात लावंना. पिशवीतनं सीलबंद बाटली काढली. म्हणतो, ‘आई, राग मानू नको, आता हे पाणी मला सोसत न्हाई गं.’

धुरपदा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

आता काय म्हणायचं, सांगा! आफ्रिकेचे मासे ह्या पाण्यावर बाळसं धरून बसलेत, त्यांना पिल्लं झाली, आन् जन्मापासनं जे पोरगं ह्याच पाण्यावर वाढवलं, त्याला सोसंना! मी आपलं सरळ विचारलं, म्हटलं, ‘शंभू, माशांचं तू सगळं शिकवलंस. आता तुला आपलं पाणी परत सोसावं म्हणून काय करायचं, ते बी सांग.’

त्यानं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. मग म्हणतो, ‘पप्पा, थोडं-थोडं पिऊन हळूहळू सवय करावी लागंल… पण माझी सुट्टी सोमवारपर्यंतच हाय.’