खालच्या पट्टीतलं गाणं

बाई : थांबा, थांबा, थांबा! गाताय की टोमॅटो विकताय?

लिलाववाला : काय करू, बाई? तोंड उघडलं की समोर व्यापारी उभे दिसतात. उभा जन्म बाजारात लिलाव पुकारण्यात गेला. आवाज वर चढवला नाही तर मागच्याला ऐकूच जात नाही.

बाई : इथे मागे भिंत आहे. तिला काही विकत घ्यायचं नाही. खांदे सोडा, कानाला टेकलेत. हात पोटावर. घ्या श्वास. छातीत नाही हो, खाली! हात पुढे ढकलला गेला पाहिजे.

लिलाववाला : पोट आधीच एवढं पुढे आलंय. आणखी कुठे ढकलू?

बाई : विनोदात श्वास वाया जातो. जबडा सैल करा. जांभई येताना घसा आतून उघडतो ना, तसा. हां. आता ओठ मिटून नुसतं गुणगुणा. नाकाच्या हाडाशी मुंग्या यायला हव्यात.

लिलाववाला : हूंऽऽ... आल्या! आल्या, बाई!

बाई : मग त्यांना पळवू नका. तशाच ठेवा आणि हळूच तोंड उघडून ओळ म्हणा.

लिलाववाला : “झुळके गं झुळके, हळू लोट दार,
मांडीवर निजलंय चांदणं गार...”

बाई : झालं! ‘चांदणं’ आलं आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. निजलंय म्हणता आणि दचकवून उठवता बिचाऱ्याला. अहो, ही पट्टी तुमची नाहीच. पहिल्या दिवसापासून सांगतेय, खाली घेऊ या.

लिलाववाला : खाली नको. ह्याच पट्टीत हवं.

बाई : का पण? मित्राच्या निरोपसमारंभात कोण पट्टी तपासणार आहे? आणि हो, निरोपाला अंगाई? तुमचा मित्र नोकरीतून निघालाय की झोपायला?

लिलाववाला : ते... आपण आधी ओळ म्हणू या ना.

बाई : बोला, बोला. बाजारात बरी जीभ चालते.

लिलाववाला : मित्रबित्र कोणी नाही, बाई. खोटं बोललो. गाणं बायकोचं आहे. तिनंच रचलेलं, मुलगी तान्ही होती तेव्हा. मुलगी मोठी झाली तरी घरात सुरूच. भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. आणि ती ह्याच पट्टीत म्हणायची, इतकी वर. आवाज असा, की मी जिन्यात थांबायचो. वर गेलो की बंद करायची ना, लाजून!

बाई : म्हणायची? म्हणजे आता...

लिलाववाला : आहे हो, आहे! चांगली खमकी आहे. पण तिचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. स्वतःचाच सूर तिला कळेनासा झाला. मागच्या खेपेला मुलगी आली होती, ती हसून म्हणाली, “आई, भलतीकडेच चाललीस गं!” पोरीच्या मनात काही नव्हतं. पण हिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

बाई : कानाला यंत्र नाही लावलं?

लिलाववाला : लावलंय. बोललेलं कळतं, पण गाणं म्हणे पत्रा वाजवल्यासारखं येतं. आता मुलगी बाळाला घेऊन येणारेय. आमची पहिली नात. परवा हिला म्हटलं, तुझं गाणं म्हण तिला. तर म्हणाली, “मोबाइलवर लावा काहीतरी. झोपेल.” अशी म्हणाली, बाई, की मला जेवण जाईना. म्हणून ठरवलं, आपणच शिकायचं. मी सूर धरला तर हीही माझ्या बोटाला धरून गाऊ लागेल.

बाई : हे आधी सांगायला काय झालं होतं?

लिलाववाला : लाज वाटली. ह्या वयात बायकोसाठी गाणं शिकतोय म्हणून सांगू?

बाई : लाजायचं ते तुमच्या ‘चांदण्या’ला लाजा. बरं, डॉक्टर काय म्हणाले? कुठले आवाज गेलेत?

लिलाववाला : वरचे, बारीक. पाखरं, कुकरची शिट्टी, पोरांचा चिवचिवाट. खालचे पुष्कळ शाबूत आहेत म्हणाले.

बाई : अहो, मग! जिथे तिला काही ऐकू येत नाही, नेमके तिथेच तुम्ही मान ताणून उभे आहात!

लिलाववाला : पण गाणं तर तिथंच आहे ना...

बाई : गाणं कुठे जात नाही. घर बदललं तरी माणसं तीच असतात. दोघांनाही परवडेल अशी पट्टी शोधू. आणा तिला उद्या.

लिलाववाला : छे! तयार झाल्याशिवाय नाही. हसेल मला.

(दार ढकलून बायको आत येते. कानात यंत्र, हातात भाजीची पिशवी, धाप लागलेली.)

बायको : सापडलात! कुठे आहेत डॉक्टर?

लिलाववाला : अगं, तू? इथं कशी?

बायको : हमालांना विचारत विचारत आले. रोज बाजार उठला की ह्या जिन्यानं वर जाता म्हणाले. मला काय कळत नाही? थंड पाणी बंद, तिखट बंद, सकाळी उठून गरम पाणी. भिंतीकडे तोंड करून बसता, गाल थरथरतात. घशात गाठबिठ झालीय ना? माझ्यापासून लपवताय!

लिलाववाला : गाठ नाही गं! काही नाही झालेलं मला!

बायको : शपथ?

बाई : ताई, माझ्याकडे बघा. ह्यांचा घसा ठणठणीत आहे. मी गाणं शिकवते. हे गाणं शिकतायत.

बायको : हे?

बाई : हे.

बायको : जिवात जीव नव्हता माझ्या. आणि हे गाणं म्हणतायत! ह्या वयात? कुणासाठी?

लिलाववाला : बघा, म्हटलं नव्हतं?

बाई : ताई, बसा. अशा ह्यांच्या मागे, स्टुलावर. यंत्र काढून ठेवा थोडा वेळ. आणि तळहात ह्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे.

बायको : अगं बाई, तुमच्यासमोर?

बाई : मी पेटीकडे बघते. लिलाववाले, हा घ्या सूर. पार खाली. विकायचं नाही, कुणाला बोलवायचंही नाही. मुंग्या आठवा आणि गुणगुणा.

लिलाववाला : हूंऽऽऽ...

बायको : अय्या. भुंगा अडकलाय आत.

बाई : अडकू दे. आता शब्द. हलकेच.

लिलाववाला : “झुळके गं झुळके, हळू लोट दार...”

बायको : हे... अहो, हे तर...

बाई : थांबू नका.

लिलाववाला : “मांडीवर निजलंय चांदणं गार...”

बायको : येतंय. बाई, येतंय मला! हातातून येतंय आणि कानातूनही. पत्र्यासारखं नाही. घोंगडीसारखं येतंय, जाडंभरडं. पण येतंय.

बाई : (तिच्यासमोर येऊन, मोठ्यानं) मग म्हणा त्यांच्याबरोबर.

बायको : नको, नको. माझा सूर सुटतो.

बाई : सुटला तर सुटला. तळहात आहे ना? पुन्हा धरायचा. लिलाववाले, पुढची ओळ.

लिलाववाला : “पाय नको वाजवू...”

बायको : “...पाय नको... वाजवू...”

बाई : (हातानं खूण करत) थोडं खाली, ताई. अजून जरा. बरोब्बर! तिथेच राहा.

बायको : “पाय नको वाजवू, ये माझ्या घरी,
घडीभर बैस बाळाच्या उशावरी...” अहो, थांबलात का?

लिलाववाला : ऐकत होतो.

बायको : ऐकताय काय? म्हणा. मला एकटीला नाही सापडत तो.